घड्याळ लावणे वेगळे, घड्याळ दुरुस्त करणे वेगळे: कर्नलमधील वेळेच्या चुकांविषयी

आपला प्रश्न मी माझ्या शब्दांत पुन्हा मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तो आपल्या लगेच लक्षात येईल. यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या एका छोट्या x86 बोर्डसाठी आपण 32 बिटांचे, दोन कोरवर चालणारे स्वतःचे लहान कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहिले आहे. पीआयटी या जुन्या टायमरकडून सेकंदाला 1000 इंटरप्ट (चालू काम थांबवून लक्ष वेधणारे संकेत) येतात, प्रत्येक इंटरप्टला कर्नल एका 32 बिटांच्या आकड्यात एक मिलिसेकंद मिळवते, आणि तोच आकडा सिस्टिमचे घड्याळ म्हणून सगळीकडे वापरला जातो. तक्रारी तीन आहेत. कारखाना बंद असताना, म्हणजे शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत, घड्याळ सुमारे 26 सेकंद पुढे जाते, परंतु कामाच्या दिवशी ते उलट 5 ते 10 सेकंद मागे पडते. लागोपाठ दोनदा वेळ वाचली असता दुसरा आकडा कधी कधी पहिल्यापेक्षा एका मिलिसेकंदाहून किंचित कमी अंतराने लहान येतो. आणि बोर्ड सात आठवड्यांहून अधिक काळ बंद न करता चालू ठेवला की काही टायमर उठतच नाहीत. यावर तात्पुरता उपाय म्हणून दर मिनिटाला आरटीसीमधून (बोर्डवरच्या बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळातून) वेळ वाचून ती कर्नलच्या घड्याळाला लावणारे एक काम आपण सुरू केले आहे, आणि आता आपण विचारता की टीएससी, म्हणजे प्रोसेसरमधला स्वतःहून वाढत जाणारा काउंटर, वापरायला लागल्यावर हे सगळे प्रश्न एकदम मिटतील का.

मिटणार नाहीत, आणि त्याचे कारण टीएससीच्या गुणदोषांत नाही. आपल्याकडे घड्याळ लावणे आणि घड्याळ दुरुस्त करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिंतीवरचे घड्याळ रोज पाच मिनिटे पुढे जात असेल तर रोज सकाळी काटे मागे फिरवणारा माणूस घड्याळ लावतो, ते दुरुस्त करत नाही. आणि रोज काटे फिरवल्यामुळे ते नेमके किती व का पुढे जाते हे कळण्याचा मार्गही तोच बंद करतो. आपले दर मिनिटाचे काम नेमके हेच करत आहे. तुमच्या तीन तक्रारी म्हणजे तीन वेगवेगळ्या जातीचे बग आहेत: पहिल्यात घड्याळाचा दर चुकला आहे, दुसऱ्यात घड्याळ बरोबर असले तरी ते वाचण्याची रीत चुकली आहे, आणि तिसऱ्यात दोन वेळांची तुलना चुकली आहे. काउंटर बदलल्याने यांपैकी फक्त पहिल्याचा काही भाग सुटतो.

माझ्या उत्तरातील काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. बोर्डवर पीआयटी सोडून दुसरे कोणते काउंटर आहेत, प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी आपला वेग बदलतो किंवा खोल झोपेत जातो का, बोर्डला नेटवर्क आहे का, आणि मुळात आपल्याला किती अचूकता हवी आहे, यावर उपाय बदलतो. यंत्रांच्या नोंदींचा क्रम बरोबर लागावा एवढीच गरज असेल, तर घड्याळ दिवसाला एक सेकंद चुकले तरी चालेल, पण ते मागे गेलेले मुळीच चालणार नाही. दोन कारखान्यांतील नोंदी एकमेकांशी जुळवायच्या असतील, तर मात्र दर आणि खरी वेळ या दोन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतील. आणखी एक: कधी फरक अगदी साडेपाच तासांचा निघाला, तर कर्नलवर संशय घेऊ नका. आरटीसीमध्ये कोणीतरी भारतीय वेळ लिहिली आहे आणि कर्नल ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून वाचत आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

आता पहिल्या तक्रारीकडे वळू. दोन दिवसांत 26 सेकंद, म्हणजे दिवसाला 13 सेकंद, हा आकडा वाचल्याबरोबर मला आपला कोड न पाहता त्यातील एक ओळ दिसली. पीआयटीचे मूळ क्रिस्टल 14.31818 मेगाहर्ट्झचे असते आणि त्याला 12 ने भागून टायमरला सुमारे 11,93,182 हर्ट्झची गती मिळते. सेकंदाला 1000 इंटरप्ट हवे असतील तर भाजक 1193.182 असायला हवा, पण टायमरच्या रजिस्टरमध्ये (आकडा ठेवण्याच्या जागेत) पूर्णांकच बसतो, म्हणून आपण 1193 लिहिले असणार. याचा परिणाम असा होतो की टिक, म्हणजे टायमरचा प्रत्येक इंटरप्ट, खऱ्या मिलिसेकंदापेक्षा थोडा आधी येतो. त्याची खरी लांबी 10,00,000 नॅनोसेकंद नसून सुमारे 9,99,848 नॅनोसेकंद असते. कर्नल मात्र प्रत्येक टिकला पूर्ण मिलिसेकंद मिळवते. ही चूक दर दशलक्ष भागांत सुमारे 152 भागांची, म्हणजे 152 पीपीएमची आहे, आणि दिवसाच्या 86,400 सेकंदांना तिने गुणले की 13 सेकंद आणि वर थोडे असे उत्तर येते. लिनक्स या प्रसिद्ध कर्नलने 2.6 आवृत्तीमालिकेत x86 वर सेकंदाला 1000 टिक घेतले तेव्हा टिकची लांबी 9,99,848 नॅनोसेकंद धरली होती, ती याच हिशेबाने. आपणही भाजकावरून टिकची खरी लांबी काढा आणि तीच मिळवा. मिळवताना नॅनोसेकंदाचा अपूर्णांक फेकू नका. अर्ध्या नॅनोसेकंदाची चूक क्षुल्लक वाटते, पण सेकंदाला हजार वेळा ती एकाच दिशेने केली तर दिवसाला 43 मिलिसेकंद जमतात. अपूर्णांकासाठी खालचे काही बिट राखून ठेवलेला 64 बिटांचा आकडा वापरला की हा प्रश्न कायमचा सुटतो.

एवढे केल्यावर आपल्याला एक धक्का बसेल, म्हणून आधीच सांगतो. शनिवार-रविवारचे घड्याळ बरोबर होईल आणि कामाच्या दिवशीचे घड्याळ आणखी बिघडल्यासारखे दिसेल. आज ते 5 ते 10 सेकंद मागे पडते, उद्या 18 ते 23 सेकंद मागे पडेल. अशा वेळी बहुतेक जण आपली दुरुस्तीच चुकली असे समजून ती मागे घेतात. मीही सुरुवातीच्या काळात एकदा तसे केले आहे आणि त्यात माझा एक आठवडा गेला आहे. खरे पाहता आपल्या कर्नलमध्ये विरुद्ध दिशांच्या दोन चुका आहेत आणि आजवर त्या एकमेकींना झाकत होत्या. दुसरी चूक म्हणजे हरवणारे टिक. एखादा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड), फ्लॅशमध्ये लिहिणारा किंवा सिरियल पोर्टवर लॉग सोडणारा, इंटरप्ट 4 मिलिसेकंद बंद ठेवत असेल, तर त्या काळात पीआयटीचे चार टिक होऊन जातात, पण इंटरप्ट नियंत्रक त्या ओळीवरचा एकच प्रलंबित इंटरप्ट लक्षात ठेवू शकतो. इंटरप्ट पुन्हा सुरू झाल्यावर कर्नलला एकच टिक दिसतो आणि उरलेले तीन कायमचे हरवतात. दिवसाला 13 सेकंद हरवण्यासाठी असा प्रकार मिनिटाला साधारण तीन वेळा घडला तरी पुरतो, आणि गजबजलेल्या बोर्डवर मिनिटाला तीन वेळा ही काही मोठी संख्या नाही.

पूर्वी लग्नघरी मुहूर्तासाठी घटिकापात्र ठेवत. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यात सोडायची, ती 24 मिनिटांत भरून बुडाली की एक घटका झाली, आणि वाटी उचलून पुन्हा पाण्यावर ठेवायची. वाटीचे भोक कितीही काटेकोर पाडलेले असो, पात्रापाशी बसलेल्या माणसाला डुलकी लागली तर बुडालेली वाटी तशीच पडून राहते आणि तेवढा काळ हिशेबातून जातो. टिक मोजणारे कर्नल हे त्या माणसासारखे असते. त्याने जागे राहावे म्हणून आपण इंटरप्ट बंद ठेवण्याचा काळ कमी करू शकता आणि तो तसाही कमी करायला हवा, पण घड्याळाचा खरेपणा प्रत्येक ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या शिस्तीवर टांगून ठेवणे मला योग्य वाटत नाही. त्यापेक्षा कोणी पाहो न पाहो, स्वतःहून पुढे सरकत राहणारा एक काउंटर घ्यावा, आणि टिक आला की "एक मिलिसेकंद झाला" असे न मानता "मागच्या वेळेपासून काउंटर किती पुढे गेला" असे विचारावे. टिक उशिरा आला तरी फरक आपोआप मोठा निघतो आणि काहीच हरवत नाही. प्रोग्रामर जॉन स्टल्ट्झ यांच्या कामातून 2006 साली लिनक्सच्या 2.6.18 मध्ये जी रचना आली तिचा गाभा हाच आहे: टिकचे काम फक्त आठवण करून देण्याचे, वेळ सांगण्याचे काम काउंटरचे.

काउंटर कोणता घ्यावा, हे आपल्या बोर्डवर ठरेल. टीएससी वाचायला सर्वांत स्वस्त असतो, पण जुन्या प्रोसेसरांत तो प्रोसेसरच्या वेगाबरोबर बदलतो किंवा खोल झोपेत थांबतो, आणि दोन कोरवरचे टीएससी एकमेकांशी जुळलेले असतीलच असे नाही. आपल्या प्रोसेसरचा टीएससी स्थिर दराने आणि न थांबता चालतो का, हे सीपीयूआयडी या प्रोसेसरची माहिती देणाऱ्या सूचनेने विचारता येते. ते उत्तर "नाही" असेल तर त्याच्या नादी लागू नये. एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकातला पीएम टायमर 3.579545 मेगाहर्ट्झने चालतो, प्रोसेसरच्या वेगाशी त्याला देणेघेणे नसते, परंतु तो अनेक ठिकाणी 24 बिटांचाच असल्यामुळे दर 4.69 सेकंदांनी पुन्हा शून्यावर येतो. तेवढ्या अवधीत एकदा तरी तो वाचला नाही तर एक पूर्ण फेरा हरवतो. काही जुन्या चिपसेटमध्ये तो वाचताना मधूनच चुकीचा आकडा मिळतो, म्हणून लिनक्समध्ये तो तीनदा वाचून आकडे क्रमाने आहेत की नाहीत हे पाहण्याची सोय ठेवलेली आहे. एचपीईटी हा पीआयटीहून नवा, अचूक टायमर बोर्डवर असेल तर तोही चांगला पर्याय आहे. आपल्यासारख्या बोर्डवर मी प्रथम पीएम टायमर किंवा एचपीईटी घेऊन रचना बरोबर करतो, आणि वाचनाचा खर्च खरोखर जड आहे असे मोजून कळले तरच टीएससीकडे जातो.

टीएससीकडे गेलातच, तर दोन जागी पाय घसरतो. पहिली जागा म्हणजे काउंटरच्या आकड्याचे नॅनोसेकंदांत रूपांतर. भागाकार महाग पडतो, म्हणून सर्वसाधारण पद्धत अशी की काउंटरच्या फरकाला एका ठरावीक गुणकाने गुणायचे आणि गुणाकार काही बिट उजवीकडे सरकवायचा. 2.4 गिगाहर्ट्झच्या टीएससीसाठी 24 बिट सरकवायचे ठरवले तर गुणक 69,90,507 येतो, आणि पूर्णांक केल्याने होणारी चूक 0.1 पीपीएमच्याही आत राहते. परंतु 64 बिटांत हा गुणाकार जेमतेम 1,100 सेकंदांपुरता, म्हणजे 18 मिनिटांपुरताच मावतो. चालू झाल्यापासूनचा सगळा आकडा गुणायला घेतलात तर अठराव्या मिनिटाला घड्याळ कोसळते. म्हणून नेहमी मागच्या नोंदीपासूनचा फरकच गुणावा आणि आलेले नॅनोसेकंद साठवत जावे. याउलट 10 बिटच सरकवायचे ठरवले तर गुणक 427 येतो, मावण्याचा काळ 208 दिवसांपर्यंत लांबतो, पण चूक 780 पीपीएमवर जाते. लिनक्समधील शेड्युलरचे (कामांची पाळी ठरवणाऱ्या भागाचे) अंतर्गत घड्याळ असेच 10 बिटांचे होते आणि सुरुवातीपासूनचा आकडा गुणत होते. तिथे दर थोडा चुकला तरी चालण्यासारखे होते, परंतु 208 दिवस सलग चाललेल्या सर्व्हरांवर तो गुणाकार ओतू गेला, आणि हा बग 2011 च्या सुमारास दुरुस्त झाला. चाचणीगृहात कोण 208 दिवस वाट पाहणार आहे?

घसरण्याची दुसरी जागा म्हणजे काउंटरची खरी गती किती हे ठरवणे. चालू होताना पीआयटीशी काही मिलिसेकंद तुलना करून काढलेला आकडा दर खेपेला थोडा वेगळा निघतो. घड्याळाचा दर प्रत्येक रिबूटनंतर बदलत असेल, पण एकदा चालू झाल्यावर स्थिर राहत असेल, तर दोष कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे गती ठरवणाऱ्या या तुलनेत, आहे, हे हमखास ओळखावे. त्यावर उपाय म्हणजे तुलनेचा काळ वाढवणे. लिनक्स आधी घाईचा अंदाज घेते आणि मग पार्श्वभूमीवर सुमारे एक सेकंदभर पीएम टायमर किंवा एचपीईटीशी ताडून तो सुधारते. कोडमध्ये गती लिहूनच टाकावी हा मोह मात्र टाळावा. इंटेलच्या स्कायलेक झिऑन मालिकेसाठी लिनक्समध्ये क्रिस्टलची गती 25 मेगाहर्ट्झ अशी लिहून ठेवली होती. त्याच मॉडेल क्रमांकाच्या वर्कस्टेशनमध्ये क्रिस्टल 24 मेगाहर्ट्झचे निघाले आणि घड्याळ 4 टक्क्यांनी चुकू लागले. सर्व्हरमध्ये रेडिओलहरींचा उपद्रव कमी करणाऱ्या मंडलामुळे खरी गती पाव टक्क्याने कमी होती. पाव टक्का म्हणजे 2,500 पीपीएम. एनटीपीच्या (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याच्या) प्रचलित पद्धतीत कर्नल जास्तीत जास्त 500 पीपीएमपर्यंत दर ओढू शकते, म्हणून असे घड्याळ एनटीपीलाही सावरता येत नाही. आपली 152 पीपीएमची चूक एनटीपीने झाकली गेली असती, आणि सावरण्याच्या ताकदीचा तिसरा हिस्सा एका चुकीच्या भागाकारापायी खर्च झाला असता.

दुसऱ्या तक्रारीत, म्हणजे वेळ मागे जाण्यात, मला सर्वांत जास्त रस आहे. फरक नेहमी एका मिलिसेकंदाच्या किंचित आत असतो, हे आपण नोंदवलेत ते फार चांगले केलेत, कारण त्यावरूनच कारण समजते. मिलिसेकंदाच्या आतली वेळ सांगण्यासाठी आपण साठवलेल्या टिकच्या आकड्यात पीआयटीच्या उतरत्या काउंटरवरून काढलेला भाग मिळवत असणार. आता असे समजा की एका कोरवर इंटरप्ट बंद असताना वेळ वाचली जात आहे. काउंटर शून्यावर येऊन पुन्हा 1193 पासून उतरायला लागला, पण त्याचा इंटरप्ट अजून हाताळला गेलेला नाही. टिकचा आकडा जुना आणि काउंटरचा भाग नवा, अशी बेरीज होते. क्षणापूर्वी टिक अधिक 0.99 मिलिसेकंद असे उत्तर आले होते, आता तोच टिक अधिक 0.01 मिलिसेकंद येते. घड्याळ मागे गेलेले नसते. दोन वेगवेगळ्या क्षणांचे आकडे एकत्र वाचले गेलेले असतात. जुन्या लिनक्समध्येही याच कारणासाठी प्रलंबित इंटरप्ट आहे का, हे थेट इंटरप्ट नियंत्रकाला विचारणारा कोड होता.

मागचे उत्तर लक्षात ठेवून त्याहून लहान उत्तर कधीच द्यायचे नाही, ही मलमपट्टी बरेच जण करतात. तिने तक्रार बंद होते, पण तेवढा वेळ घड्याळ जागच्या जागी गोठते, आणि दोन कोर एकाच चलात लिहू लागल्याने नवी स्पर्धा सुरू होते. खरा उपाय वर सांगितलेलाच आहे: टिकवर अवलंबून नसलेला काउंटर घेतला की टिक उशिरा हाताळला गेल्याने उत्तर बदलत नाही, कारण मूळ वेळ आणि त्या वेळेचा काउंटरचा आकडा ही जोडी एकत्र साठवलेली असते. ती जोडी मात्र अखंड वाचली गेली पाहिजे. त्यासाठी क्रमांक-कुलपाची पद्धत वापरावी: लिहिणारा आधी एक क्रमांक वाढवून विषम करतो, सगळे आकडे बदलतो, आणि पुन्हा वाढवून सम करतो, वाचणारा आधी आणि नंतर तो क्रमांक पाहतो, आणि तो विषम असेल किंवा बदललेला असेल तर पुन्हा वाचतो. वाचणाऱ्याला कुलूप घ्यावे लागत नाही आणि लिहिणारा कधी अडत नाही. आपण आता 64 बिटांचे नॅनोसेकंद ठेवणार आहात आणि आपला प्रोसेसर 32 बिटांचा आहे, म्हणून याला पर्याय नाही. नॅनोसेकंदांचा खालचा अर्धा भाग दर 4.29 सेकंदांनी फिरून शून्यावर येतो, आणि नेमका त्या क्षणी वाचन दोन तुकड्यांत झाले तर घड्याळ 4.29 सेकंदांनी उडी मारते. दोन गोष्टी विसरू नका. प्रोसेसर टीएससी वाचण्याची सूचना आधीच उरकून टाकू शकतो, म्हणून तिच्यापूर्वी अडसर घालणारी सूचना हवी. आणि दुसऱ्या कोरचा काउंटर किंचित मागे असेल तर फरक ऋण येतो. तो चिन्हरहित आकड्यात घेतल्यास प्रचंड मोठा धन आकडा होतो. ऋण फरक शून्य धरावा.

आता त्या दर मिनिटाच्या कामाविषयी. आरटीसी सेकंदापेक्षा बारीक वेळ सांगत नाही, म्हणून ती जशीच्या तशी लावल्याने आपण दर मिनिटाला घड्याळात एक सेकंदापर्यंतची उडी घालत आहात. तिच्या स्वतःच्या 32.768 किलोहर्ट्झच्या क्रिस्टलची चूक 20 पीपीएम जरी धरली तरी दिवसाला 1.7 सेकंद होतात, तेव्हा तिला सत्य मानण्याचे कारण नाही. शिवाय ती स्वतःचे आकडे बदलत असताना वाचली तर मिनिट जुने आणि सेकंद नवा असे काहीतरी हाती येते. तसे चालू असल्याचा बिट पाहूनच ती वाचावी लागते.

पण याहून मोठा दोष असा की आपले सगळे टायमर त्याच एका आकड्यावर बसले आहेत. वेळ मागे लावली की टायमर तेवढे उशिरा उठतात, पुढे लावली की एकदम उठतात. म्हणून दोन वेळा वेगळ्या ठेवा: एक, बोर्ड चालू झाल्यापासून फक्त पुढे जाणारी, जिला कोणी हात लावत नाही, आणि दुसरी, पहिलीत एक अंतर मिळवून निघणारी खरी वेळ. वेळ लावणे म्हणजे ते अंतर बदलणे. टायमर, मुदती, पुन्हा प्रयत्न करण्याचे अवधी हे सगळे पहिल्या वेळेवर बसवा. खऱ्या वेळेवर टायमर ठेवणे भागच असेल, तर अंतर बदलल्याबरोबर त्या टायमरांना कळवणे हे त्याच कामाचा भाग माना. हे कळवणे राहिले म्हणजे काय होते, ते 30 जून 2012 च्या अखेरीस मिळवलेल्या लीप सेकंदाने (पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवण्यासाठी घातलेल्या जादा सेकंदाने) दाखवले. भारतात तेव्हा 1 जुलैच्या रविवारची पहाटेची साडेपाचची वेळ होती. लिनक्सने खरी वेळ एक सेकंद मागे घेतली, परंतु सूक्ष्म टायमर सांभाळणाऱ्या भागाला ते कळवलेच नाही. त्याच्या दृष्टीने घड्याळ एक सेकंद पुढेच राहिले, त्यामुळे एक सेकंदाहून कमी मुदतीचे टायमर लावताक्षणीच संपू लागले आणि असंख्य सर्व्हरांचे प्रोसेसर रिकाम्या फेऱ्या मारत तापले. मी तेव्हा ज्या यंत्रांची देखभाल पाहत होतो, त्यांपैकी काहींवर मला तो दिवस घालवावा लागला. गंमत अशी की उपाय म्हणून आम्ही सर्वांनी घड्याळाला त्याचीच चालू वेळ पुन्हा लावली आणि यंत्रे शांत झाली, कारण वेळ लावण्याच्या वाटेवर टायमरांना कळवण्याचा कोड शाबूत होता. कर्नलमधला मूळ दोष मात्र त्यानंतर आलेल्या पॅचनेच गेला.

नेटवर्क असेल तर बारीक दुरुस्तीसाठी उडी न मारता दरच किंचित बदलावा, म्हणजे वर सांगितलेला गुणक थोडा कमीजास्त करावा. गुणक बदलण्यापूर्वी त्या क्षणापर्यंतचा फरक जुन्या गुणकाने हिशेबात घेऊन टाकायचा असतो. तो राहिला तर होऊन गेलेला काळ नव्या दराने मोजला जातो आणि घड्याळ पुन्हा मागे जाऊ शकते.

तिसऱ्या तक्रारीला फार शब्द लागत नाहीत. 32 बिटांत मावणारे मिलिसेकंद 49.7 दिवसांत संपतात, म्हणजे सात आठवडे उलटताच. आकडा शून्यावर येणे हा दोष नाही. "आत्ताची वेळ मुदतीपेक्षा मोठी आहे का" अशी थेट तुलना करणे हा दोष आहे. दोन आकड्यांची वजाबाकी करून तिचे चिन्ह पाहिले तर शून्यावरून जातानाही उत्तर बरोबर येते, अट एवढीच की मुदत 24 दिवसांहून लांबची नसावी. सगळा कोड चाळून अशा तुलना शोधा. त्यांतील एखादी सुटणारच, म्हणून लिनक्सची युक्ती उचला. तिथे टिकचा 32 बिटांचा आकडा शून्यापासून सुरू न करता फेरा पूर्ण होण्याच्या पाच मिनिटे आधीच्या आकड्यापासून सुरू करतात, म्हणजे सात आठवड्यांनी येणारा बग चालू केल्यावर पाचव्या मिनिटाला समोर येतो. खऱ्या वेळेचे सेकंदही 64 बिटांत ठेवा, नाहीतर भारतीय वेळेनुसार 19 जानेवारी 2038 च्या सकाळी 8 वाजून 44 मिनिटे 7 सेकंदांनंतर हाच प्रश्न पुन्हा उभा राहील, आणि कारखान्यातले बोर्ड तितकी वर्षे चालतात.

या सगळ्याचा क्रम मी असा लावीन. आरटीसीचे काम आज बंद करा, ती फक्त चालू होताना एकदा वाचा. एनटीपीही बंद ठेवा. मग दर दहा मिनिटांनी बाहेरच्या विश्वासार्ह घड्याळाशी असलेला फरक लिहून ठेवा, एक दिवस बोर्ड रिकामा ठेवून आणि एक दिवस पूर्ण कामाला लावून. नेटवर्कमुळे प्रत्येक मोजणीत 10 मिलिसेकंदांची चूक आली तरी 24 तासांच्या शेवटी दर सुमारे 0.1 पीपीएमपर्यंत कळतो, म्हणून घाई करून पाच मिनिटांच्या मोजणीवरून निष्कर्ष काढू नका. फरकाचा आलेख काढा. तो सरळ तिरकी रेषा असेल तर दर चुकला आहे, पायऱ्यापायऱ्यांचा असेल तर टिक हरवत आहेत किंवा कोणीतरी उडी घालत आहे, आणि दिवसरात्रीबरोबर संथ लाटेसारखा हलत असेल तर ते तापमानाने हलणारे क्रिस्टल आहे, त्याला कर्नलमध्ये औषध नाही. हे आकडे हाती आल्यावर आधी टिकची लांबी बदला आणि तेवढ्याच बदलावर पुन्हा मोजा. रिकाम्या दिवसाची रेषा जवळपास आडवी झाली पाहिजे. त्यानंतर काउंटर, मग क्रमांक-कुलूप, मग दोन वेळांची फारकत, असा एकेक पॅच घ्या. काउंटर बसवल्यावर मुद्दाम दोन सेकंद इंटरप्ट बंद ठेवून घड्याळ दोन सेकंद पुढे गेले का ते पाहा, आणि कुलूप बसवल्यावर दोन्ही कोरवर रात्रभर आळीपाळीने वेळ वाचून एक तरी आकडा मागे जातो का ते शोधा. कामाच्या दिवसाचा आलेख काउंटरनंतरही पायऱ्यांचा राहिला, तर तो आलेख आणि कोणता ड्रायव्हर इंटरप्ट किती काळ बंद ठेवतो याचे आकडे इथे टाका. त्यावरून पुढचे सांगता येईल.